साळवे बाईंचा चित्रांचा तास

साळवे बाई आमच्या शाळेत बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाचनालयाच्या पेटीतल्या पुस्तकांमधले शब्द झाकून टाकले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पट्ट्या केल्या, घरून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणली आणि मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून चित्राखालच्या ओळींवर एकेक पट्टी चिकटवत राहिल्या. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. बाईंचं डोकं जरा सरकलेलं असावं असं मला वाटलं. ही सरकारी पुस्तकं आहेत, उद्या तपासणीला कोणी आलं तर काय सांगाल, असं मी विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "पुस्तकं पेटीत नवी कोरी पडली होती, सर. कुलपाची किल्ली सापडायलाच दोन दिवस गेले. आता निदान वापरून खराब तरी होतील."

शाळा पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला, वस्तीवरची. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मीही त्याच तालुक्यात राहतो. चार वर्ग, आम्ही तिघं शिक्षक. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, मी आणि साळवे बाई. बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात चामड्याच्या पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपला शेतातून चालताना टिकत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पुणतांब्यात खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं नगरला, नागापूरच्या घरी जायच्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात नोकरीला. एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळीत त्या वाढल्या. वडील एका कारखान्यात लेथवर होते.

पट्ट्यांचं मूळ या वडिलांपाशी होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, पेपर तपासता तपासता. वडील रविवारी रद्दीतून चित्रांची मासिकं आणायचे आणि लेकीला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचे. तेच चित्र, पण दर रविवारी गोष्ट वेगळी. बाई तिसरीत गेल्या, स्वतः वाचायला लागल्या, तेव्हा त्यांना कळलं की पानावर भलतंच काहीतरी लिहिलेलं आहे आणि बापाला अक्षरओळखच नाही. "मी त्यांना तसं म्हणाले," बाई सांगत होत्या. "त्यानंतर त्यांनी कधी मासिक आणलं नाही." एवढं बोलून त्यांनी पुढचा पेपर ओढला.

चित्रांचा तास रोज शेवटचा असायचा. दुसरी-तिसरीची मुलं एकत्र बसवायच्या, एक पुस्तक मध्ये उघडून ठेवायच्या आणि स्वतः भिंतीला टेकून गप्प. पहिले पंधरा दिवस मुलं काहीच बोलली नाहीत. चित्राकडे बघायची, मग बाईंकडे बघायची. एका पोरीनं शेवटी विचारलं, "बाई, उत्तर काय हाय?" बाईंनी सांगितलं की मलाही माहीत नाही, पट्टीखाली गेलं ते. पोरांना हे खरं वाटेना. शिक्षकाला उत्तर माहीत नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग एक दिवस राजा भर दरबारात झोपलाय अशा चित्रावर एका मुलानं तोंड उघडलं. राजाच्या शेतीला लाईट रात्रीची हाय, म्हणाला. मोटर चालू करायला राजा रातभर विहिरीवर बसला, म्हणून दिवसा डोळा लागला, आन् प्रधान त्याला उठवीत न्हाई कारण प्रधानाची लाईट दिवसाची हाय. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त "मग?" म्हटलं आणि वही उघडली. त्या कधी शाबासकी देत नसत. शाबासकी दिली की पोरगं उद्या तीच गोष्ट परत सांगतं, असं त्या म्हणायच्या.

त्या वहीत प्रत्येक मुलाला पानं नेमून दिलेली होती. मूल बोलेल ते जसंच्या तसं उतरवायच्या. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. साखर कारखान्याच्या गळितासाठी आलेल्या ऊसतोड्यांच्या पोरी बीडकडच्या बोलीत बोलायच्या, तर तसं. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनी एकदा ती वही चाळली आणि लाल पेन काढून अशुद्ध शब्दांखाली रेघा मारायला सुरुवात केली. बाईंनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. काढून घेतली म्हणजे अगदी मऊपणानं, पण घेतली. म्हणाल्या, "शुद्धलेखनाचा तास दुपारी असतो, साहेब. ही पोरांची वही आहे." साहेबांनी शेरेबुकात काही लिहिलं नाही. पण ते विसरलेही नाहीत.

त्या दिवसापासून वही कपाटात कुलपात राहू लागली. ती शाळेबाहेर न्यायची नाही असं बाईंनी आम्हा दोघांना सांगून ठेवलं होतं.

तिसरीत ऋतुजा नावाची मुलगी होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी नदीत बुडून गेली होती. हंडा भरताना पाय घसरला असं गावात सांगितलं गेलं, पोलिसांतही तसंच लिहिलं गेलं, आणि गावानं ते मानलं. मानलं म्हणजे त्याबद्दल बोलणं बंद केलं. ऋतुजाचे आजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणत, आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. बागायत, पाइपलाइन, घरात दोन गाड्या. शाळेला रंग दिला तो त्यांनीच. मुलगी वर्गात बसायची, विचारलं तर मान हलवायची, पण बोलायची नाही. मुकीच आहे की काय, असं नव्या माणसाला वाटावं. बाईंनी तिला वर्षभर एकदाही बोलायला सांगितलं नाही. चित्राजवळची जागा मात्र तिची ठरलेली होती.

मी त्या दिवशी शेजारच्या वर्गात होतो. मध्ये लोखंडी कपाटांची आडभिंत, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पुस्तक पाणी वाचवण्यावरचं होतं. त्यात एक बाई नदीवर जाते, हंडा काठावर ठेवते, एक पक्षी हंड्यावर येऊन बसतो. मजकूर अर्थात पट्टीखाली. पोरं पक्ष्याबद्दल काहीबाही सांगत होती आणि मध्येच एक अनोळखी, जरा घोगरा आवाज आला.

"ती पाय घसरून न्हाई पडली," ऋतुजा म्हणाली. "तिनं आधी चपला काढल्या. बांगड्या काढून हंड्यात टाकल्या. मग पान्यात चालत गेली. मी हाक मारली तर तिनं मागं बघितलं न्हाई."

माझ्या वर्गातली पोरं कपाटांकडे बघू लागली. बाईंचा आवाज नेहमीसारखाच आला. "मग?"

"मग मी घरी आले. मला भूक लागली हुती. आज्जी म्हनली, पाय घसरला असं सांगायचं."

बाईंनी ते लिहून घेतलं. किती वेळ लागला सांगता येत नाही. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी पुढचं पान उलटलं आणि दुसऱ्या मुलीला बोलतं केलं. त्यांचं मोठेपण मला कुठं दिसलं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगेन. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं नाही, रडल्या नाहीत, तास मोडला नाही. तिची गोष्ट इतरांच्या गोष्टींसारखीच वहीत गेली.

शाळा सुटल्यावर मात्र त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी चहा आणून दिला तो तसाच निवला. आता काय करायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांनाच कळत नाही. पोलिसांत जावं तर पोरीला उभं करतील. गप्प बसावं तर ती ज्या घरात झोपते त्याच घरात तिला हे गिळून राहावं लागेल. मुलीचा मामा कोपरगावकडे असतो, त्याला आधी गाठावं, समजूतदार असला तर त्याच्याशी बोलावं, असं त्यांनी ठरवलं. "चार दिवस द्या मला," त्या म्हणाल्या. "पोरांना ती गोष्टच वाटली असेल. तोवर हे आपल्या दोघांत."

दुसऱ्या दिवसापासून ऋतुजा बोलायला लागली. एकदम खूप नाही. डबा खाताना शेजारणीला लोणचं मागितलं, लंगडीत आपला डाव आला म्हणून भांडली. आम्ही दोघं बघत होतो. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा माझ्या डब्यातली भाजी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी बाई मामाला भेटायला रजा टाकून गेल्या. त्याच दिवशी केंद्राची शिक्षण परिषद होती. प्रत्येक शाळेनं एक उपक्रम मांडायचा होता आणि आमच्या शाळेकडून मी जाणार होतो. माझ्याकडे मांडायला काही नव्हतं. मी कपाटाची किल्ली घेतली आणि वही पिशवीत टाकली.

राजाची गोष्ट वाचायची एवढंच माझ्या मनात होतं, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. ते खरं नाही. राजाची गोष्ट वाचली, लोक हसले, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तसं मला अजून काहीतरी हवंसं वाटलं. सभागृह गप्प झालेलं मला बघायचं होतं. मी पान उलटून ऋतुजाची गोष्ट वाचली. नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, चाळीस शिक्षकांत अण्णांचा एक पुतण्या बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच मुख्याध्यापकांच्या खोलीत अण्णा, ऋतुजाचा बाप संतोष आणि केंद्रप्रमुख येऊन बसले होते. बाई मामाला भेटून आल्या होत्या. मामानं दार अर्धं उघडून, आम्हाला त्या घराशी वाकडं घ्यायचं नाही, एवढंच सांगितलं होतं. हे त्या मला फाटकाशी सांगत होत्या तेवढ्यात आत बोलावणं आलं.

संतोष सगळा वेळ खाली बघत होता. बोलले ते अण्णा, आणि आवाज न चढवता बोलले. लेकरू अडाणी हाय, त्याला काय कळतं, म्हणाले. कोणीतरी शिकवल्याबिगर पोर असं बोलंल का. पट्ट्या लावून सरकारी पुस्तकं नासवली त्याचा कागद साहेबांकडे तयार हाय, पण आमाला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई. फक्त बाईंनी लिहून द्यावं की ही गोष्ट त्यांनीच रचून पोरीला सांगायला लावली. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, तुमी कोन, कुठल्या, आमी कधी विचारलं न्हाई. गावानं पानी पाजलं. आता तुमी गावाचं ऐका."

त्यातलं पहिलं वाक्य कशासाठी होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बाईंचा चेहरा हलला नाही. असली वाक्यं त्यांनी अण्णांपेक्षा मोठ्या माणसांकडून ऐकलेली होती.

"नाही लिहून दिलं तर?" त्यांनी विचारलं.

केंद्रप्रमुख म्हणाले की मग चौकशी लागेल, पोलीस येतील, मुलीचा जबाब होईल. आठ वर्षांच्या मुलीला किती वेळा तेच विचारतील याचा बाईंनी विचार करावा.

बाई बराच वेळ बसून राहिल्या. वही परिषदेत मी नेली, मी वाचली, मला विचारा, असं म्हणायला त्या वेळात मला पुरेसा अवकाश होता. मी पंख्याकडे बघत होतो.

शेवटी त्यांनी अण्णांना एकच विचारलं, की ऋतुजाला याच शाळेत ठेवाल का. अण्णा म्हणाले, "लेकरू आमचंच हाय. शाळा कशाला सोडंल?" बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांच्याकडे पेन्सिल होती, ती सहीला चालणार नव्हती. मी माझं पेन दिलं.

त्यांनी लिहिलं: सदर गोष्ट माझी आहे. मुलीने ती माझ्या सांगण्यावरून म्हटली. खाली सही.

पुढच्या सोमवारी ऋतुजा आली नाही. आठवडाभरात तिचा दाखला काढून नेला आणि तिला लांबच्या एका निवासी शाळेत टाकलं. अण्णांनी शब्द मोडला असं म्हणायला बाई त्यांच्या घरी गेल्या नाहीत. त्यांनी फक्त मला विचारलं, "वही कोणी नेली होती?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, नेहमीच्याच सुरात, आणि मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत.

पुस्तकांवरच्या पट्ट्या काढायचा लेखी आदेश आला. बाईंनी ओलं फडकं फिरवून त्या सोडवल्या. खळ घट्ट बसली होती. पट्टीबरोबर कागदाचा पापुद्रा निघायचा, कुठं अक्षरं निघायची, कुठं चित्रातले पाय. तीन दिवस हे चाललं. मुलं भोवती उभी राहून बघायची. मे महिन्यात बाईंची प्रशासकीय बदली झाली, जामखेडच्या पार पलीकडे, जिथं एसटी दिवसातून एकदा जाते. निरोपाला कोणी थांबलं नाही. मी थांबलो होतो, पण त्यांनी पुणतांब्यातूनच सकाळची गाडी धरली.

मला मात्र त्या गोष्टीचा फायदाच झाला. परिषदेतलं माझं वाचन कुणाकुणाच्या लक्षात राहिलं होतं. दोन-तीन वर्षांनी चित्रवाचनाचा कार्यक्रम वरूनच आला. छापील चित्रं, बिनशब्दांची, आणि प्रत्येक चित्रामागे शिक्षकांसाठी नमुना गोष्ट, मुलांकडून कोणते मुद्दे यायला हवेत त्याची यादी आणि गुणांचा तक्ता. प्रशिक्षणाला अनुभवी शिक्षक हवे होते. माझं नाव गेलं. मी जिल्हाभर फिरून साळवे बाईंचा तास शिकवू लागलो. "मुलांना बोलू द्या," मी पडद्यासमोर उभा राहून म्हणायचो. लोक टिपून घ्यायचे.

जामखेडच्या प्रशिक्षणात त्या तिसऱ्या रांगेत बसलेल्या दिसल्या. केस पांढरे झाले होते. मी त्यांची ओळख करून द्यायला हवी होती. ही कल्पना या बाईंची आहे, एवढं वाक्य पुरलं असतं. मी दिवसभर ते वाक्य पुढच्या सत्रावर ढकलत राहिलो. दुपारी माझ्या जोडीच्या तरुण मार्गदर्शकानं एक चित्र पडद्यावर लावलं आणि वयस्कर बाईंना बोलतं करावं म्हणून नेमकं त्यांनाच उभं केलं. चित्रात एक मुलगी झाडाखाली एकटी बसलेली होती.

बाईंनी चित्राकडे पाहिलं. मग हातातल्या पुस्तिकेचं पान उलटून मागची नमुना गोष्ट सावकाश वाचून दाखवली. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. तरुण म्हणाला, बाई, वाचायची नाही, मनानं सांगायची. त्या म्हणाल्या, "छापलेलं बरं असतं," आणि खाली बसल्या. लोक हसले. त्या चहाला थांबल्या नाहीत.

मागच्या वर्षी राहात्यात एका औषधाच्या दुकानात काउंटरमागच्या मुलीनं मला ओळखलं. तुम्ही निमसे सर ना, म्हणाली. ती ऋतुजा होती. फार्मसीचं शिकत होती, मोकळी, हसतमुख, गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं भराभर कापत होती. मला इतका आनंद झाला की मी विचारून बसलो, साळवे बाई आठवतात का.

तिचं हसू गेलं. "त्यांनी माझ्याकडून आईबद्दल काहीबाही वदवून घेतलं होतं ना," ती म्हणाली. "अण्णांनी दाखवलाय मला त्यांच्या सहीचा कागद. आई गेलेल्या पोरीला असं कोण करतं, सर?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी औषध घेऊन बाहेर आलो. गिऱ्हाईक नसतं तरी मी काही बोललो असतो, असं मला वाटत नाही.

बाई निवृत्त होऊन नागापूरला राहतात असं कळलं होतं. पुढच्या रविवारी मी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढं फरशीचं अंगण, दोरीवर कपडे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, माझ्या मुलांची चौकशी केली. खोलीत एकही पुस्तक नव्हतं. ऋतुजा भेटली एवढंच सांगायचं, बाकीचं गाळायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली?" आणि खोटं मला सुचेना. मी सगळं सांगितलं, कागदासकट.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबरच आहे तिचं. मीच लिहून दिलंय तसं."

मी म्हणालो की तिला खरं सांगितलं पाहिजे, मी जाऊन सांगतो, वहीचंही सांगतो. त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलल्या. "काय सांगाल? की तुझी आई तुला काठावर ठेवून चालत गेली, आणि तू हाक मारलीस? विसरलीय ना ती, सर. त्या माणसांत तिला दिवस काढायचे होते. विसरली म्हणून काढले. आता तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून तिला आठवण द्यायची का?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एवढं तरी करा," त्या म्हणाल्या. "त्या दुकानात जाऊ नका."

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. अंगणातच थांबून दोरीवरचे कपडे काढू लागल्या. रस्त्यावर येऊन मी मागे वळून पाहिलं. त्यांनी एक साडी काढली होती आणि तिची दोन टोकं जुळवत होत्या. वाऱ्यानं एक टोक सारखं सुटत होतं. त्या ते परत पकडत होत्या, परत जुळवत होत्या, आणि माझ्याकडे त्यांची पाठ होती.